मशीनचं सॉफ्टवेअर स्क्रीनवर मावत नाही, धूसर दिसतं, बटणं कापली जातात: हे का होतं आणि कसं सोडवायचं

कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी राउटर, प्लाझ्मा किंवा छोट्या मिलिंग मशीनला लावलेला जुना पीसी कधीतरी बंद पडतोच. मग घाईघाईत नवीन लॅपटॉप नाहीतर मिनी पीसी आणला जातो, त्यावर सॉफ्टवेअर टाकलं जातं, जुन्या पीसीतली मशीनच्या सेटिंग्जची प्रोफाइल फाइल कॉपी होते, ॲक्सिस हलवून बघितले की बरोबर हलतात, सगळ्यांना वाटतं झालं काम. आणि पहिला जॉब लावताना लक्षात येतं की रिसेटचं बटण अर्धंच दिसतंय, खालची स्टेटसची ओळ टास्कबारच्या मागे गेलीये, डीआरओचे (ॲक्सिस कुठे आहे ते दाखवणारे) आकडे पुसट झालेत, नाहीतर उलटं, सगळं इतकं बारीक झालंय की ऑपरेटरला नाक स्क्रीनला लावून वाचावं लागतंय.

अशा वेळी पहिली शंका सॉफ्टवेअरवर येते, मग ते काढून परत टाकलं जातं, मग दुसरी कॉपी शोधली जाते, आणि दिवस जातो. खरं म्हणजे बिघाड मशीनचा नसतो आणि बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचाही नसतो. चित्र लहानमोठं करण्याचं काम चार जण करू शकतात: विंडोज, स्वतः सॉफ्टवेअर, ग्राफिक्सचा ड्रायव्हर आणि मॉनिटर. यातल्या दोघांनी एकाच वेळी ते केलं किंवा कुणीच नाही केलं की गडबड होते. त्यामुळे सेटिंग बदलत सुटण्याआधी ताणतंय कोण ते शोधायचं, उपाय त्यानंतर.

आणि ऑफिसातल्या पीसीवर एक्सेल जरा धूसर दिसलं तर कुणाचं काही अडत नाही, पण मशीनच्या स्क्रीनचं तसं नाही. फीड होल्ड (चालू हालचाल थांबवणारं बटण) कुठे आहे हे ऑपरेटरला न शोधता दिसलंच पाहिजे. झेडची किंमत उणे १२.५०० आहे का उणे १.२५० हे एका नजरेत कळलं पाहिजे, दशांश चिन्ह धूसरपणात गेलं तर टूल बेडमधे घुसू शकतो. म्हणून "चालतंय ना, चालू द्या" हे इथे मला अजिबात पटत नाही. (इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण मात्र वायरिंगमधेच असलं पाहिजे, स्क्रीनवरचं रिसेट हा त्याला पर्याय नाही, हे आधीच सांगून ठेवतो.)

९६ या आकड्याची गोष्ट

विंडोजमधे १०० टक्के स्केल म्हणजे एका इंचात ९६ पिक्सेल असं धरलेलं असतं. १२५ टक्के म्हणजे १२०, १५० टक्के म्हणजे १४४, २०० टक्के म्हणजे १९२. हा "इंच" कागदावरचा आहे, तुमच्या मॉनिटरवर पट्टी लावून मोजलात तर तसा भरेलच असं नाही. जुन्या १७ इंची चौकोनी मॉनिटरवर १२८० बाय १०२४ रेझोल्युशनला एका इंचात खरोखरच जवळपास ९६ पिक्सेल बसायचे, त्यामुळे त्या काळात कुणालाच काही प्रॉब्लेम नव्हता. आज २४ इंची फुल एचडी मॉनिटर घेतला तर इंचाला साधारण ९२ पिक्सेल येतात, म्हणजे तेवढंच. पण १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपमधे तेच १४१ होतात आणि २७ इंची फोर-के मॉनिटरवर १६३. पिक्सेल बारीक झाले की अक्षरंही बारीक होतात, म्हणून विंडोज मॉनिटरकडून त्याचा आकार विचारून घेतं आणि आपणहून १२५ किंवा १५० टक्के स्केल लावून टाकतं. नवीन लॅपटॉप उघडल्या उघडल्या हे झालेलं असतं, आपण काहीही केलेलं नसतं.

आता मोशन कंट्रोलची बरीचशी सॉफ्टवेअर्स त्या ९६ च्या काळातली आहेत. मॅक-३ हे मशीन चालवणारं विंडोजवरचं सॉफ्टवेअर घ्या. त्याचा नेहमीचा स्क्रीन १०२४ बाय ७६८ साठी आखलेला, एकेक बटण अमुक पिक्सेलपासून तमुक पिक्सेलपर्यंत असं ठोकून बसवलेलं. कित्येक लाकूड आणि दगडाच्या राउटरवर अजूनही एनसीस्टुडिओ हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर आहे, पीसीआय कार्ड आणि विंडोज एक्सपी सकट. ही सॉफ्टवेअर्स लिहिणाऱ्यांनी काही चूक केली नव्हती, त्यांच्यासमोर असलेले मॉनिटर तसेच होते.

असं जुनं सॉफ्टवेअर चालू झालं की विंडोज बघतं, याने "मला स्केलिंग कळतं" असं कुठे लिहून दिलंय का? सॉफ्टवेअरच्या आत मॅनिफेस्ट नावाचा छोटा मजकूर असतो, त्यात ही नोंद असते. नसेल तर विंडोज त्याला सरळ खोटं सांगतं की स्क्रीन ९६ चीच आहे. सॉफ्टवेअर बिचारं त्या हिशोबाने आपलं चित्र काढतं आणि विंडोज ते तयार चित्र उचलून १२५ किंवा १५० टक्के ताणून दाखवतं. पासपोर्ट फोटो फ्लेक्सवर मोठा करून छापला की जसा फिसकटतो तसंच इथे होतं. ही पद्धत व्हिस्टापासून आली, विंडोज ८.१ पासून प्रत्येक मॉनिटरसाठी वेगळं स्केल ठेवता यायला लागलं, आणि २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटनंतर विंडोज १० मधे त्यात बऱ्याच सुधारणा झाल्या, पण मूळ कल्पना तीच राहिली.

या खोट्या माहितीचा अजून एक परिणाम होतो, तो फारसं कुणी सांगत नाही. समजा फुल एचडी लॅपटॉप आहे आणि स्केल १५० टक्के. मग विंडोज त्या जुन्या सॉफ्टवेअरला सांगतं की तुझ्याकडे स्क्रीन आहे १२८० बाय ७२०. १९२० भागिले दीड, १०८० भागिले दीड, साधा हिशोब. त्यात विंडोज १० चा टास्कबार ४० पिक्सेल खातो, उरले उंचीला ६८०. आणि सॉफ्टवेअरला पाहिजेत ७६८! म्हणजे ८८ पिक्सेलची पट्टी कुठेतरी जाणारच, वरची टायटल बार आणि मेनूची पट्टी धरली तर अजून जास्त. मॅक-३ मधे रिसेट आणि स्टेटस दोन्ही खालच्याच बाजूला आहेत, त्यामुळे बरोबर नको तेच कापलं जातं. हाच लॅपटॉप १२५ टक्क्यांवर आणला तर सॉफ्टवेअरला १५३६ बाय ८६४ दिसतं आणि सगळं मावतं, फक्त धूसर राहतं. १०० टक्क्यांवर आणलं तर मावतंही आणि धूसरही दिसत नाही, पण लॅपटॉपवर बारीक दिसतं. आणि १३६६ बाय ७६८ चा स्वस्त लॅपटॉप असेल तर १०० टक्क्यांवरसुद्धा उंचीला फक्त ७६८, त्यातून टास्कबार वजा, म्हणजे तिथे पहिल्यापासूनच तोटा. तिथे निदान टास्कबार आपोआप लपेल असं सेटिंग तरी करून घ्या.

लक्षणावरून ओळखायचं कसं

सगळंच एकसारखं धूसर आहे, बटणं, अक्षरं, चित्रं सगळं, पण मापं आपापसात बरोबर आहेत आणि क्लिक बरोबर जागी लागतंय, तर विंडोज ताणतंय. क्लिकचं गणित विंडोज परत उलटं करून सॉफ्टवेअरला देतं म्हणून ते चुकत नाही.

सगळं स्वच्छ आहे पण मुंगीएवढं, तर सॉफ्टवेअरने "मला स्केलिंग कळतं" असं सांगून ठेवलंय आणि प्रत्यक्षात काहीच केलं नाहीये, किंवा आधी कुणीतरी कंपॅटिबिलिटीत जाऊन तसं जबरदस्तीने करून ठेवलंय.

अक्षरं मोठी झालीत पण बटणं तेवढीच राहिलीत, त्यामुळे "सायकल स्टार्ट" मधलं शेवटचं अक्षर कापलं जातंय, डीआरओच्या खिडकीत डावीकडचा आकडा दिसत नाहीये, तर अर्धवट स्केलिंग चाललंय. फॉन्ट पॉइंटमधे मोजलेला, म्हणून तो वाढला, बटण पिक्सेलमधे मोजलेलं, म्हणून ते वाढलं नाही. हा प्रकार मला सगळ्यात धोक्याचा वाटतो कारण स्क्रीन वरवर ठीक दिसते आणि आकडा मात्र चुकीचा वाचला जातो, ११२.५ चा १२.५.

टूलपाथचं (टूल ज्या वाटेने जाणार तिचं) चित्र खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक चतुर्थांश जागेत काढलं जातंय आणि बाकी जागा काळी, तर थ्रीडी चित्र काढणारा भाग जुन्या मापाने चाललाय आणि खिडकी नव्या मापाने. ओपनजीएलमधे मोजणी खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू होते म्हणून चित्र नेमकं तिथे जाऊन बसतं. हे २०० टक्क्यांवर हमखास दिसतं, कारण लांबी निम्मी आणि रुंदी निम्मी.

चारी बाजूंनी थोडं थोडं कापलं जातंय, डेस्कटॉपवरचे आयकॉनसुद्धा, तर यात विंडोजचा काही संबंध नाही. बहुतेक तुम्ही मॉनिटर म्हणून टीव्ही लावलाय. टीव्ही कडा कापून चित्र जरासं मोठं करतो, त्याला ओव्हरस्कॅन म्हणतात. टीव्हीच्या पिक्चर मेनूत जाऊन ते बंद करायचं, एलजीमधे ते "जस्ट स्कॅन" नावाने असतं, बाकीच्या कंपन्यांची नावं वेगवेगळी.

आणि एक लक्षण असं आहे की ज्यावर जरा थांबून बोललं पाहिजे. जी-कोडमधे (मशीनला दिलेल्या प्रोग्राममधे) गोल आहे आणि स्क्रीनवर अंडाकृती दिसतोय. असं होतं कारण कुणीतरी सगळं मोठं दिसावं म्हणून रेझोल्युशनच १०२४ बाय ७६८ करून ठेवलंय आणि ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा मॉनिटर ते ४:३ चं चित्र १६:९ च्या काचेवर ओढून भरतोय. आडवं एक तृतीयांश जास्त ताणलं जातं. ऑपरेटरला वाटतं एक्स आणि वायचं प्रमाण चुकलंय, आणि तो मोटर ट्यूनिंगमधे जाऊन स्टेप्स पर युनिट, म्हणजे एक मिमी सरकायला मोटरने किती पावलं टाकायची तो आकडा, बदलतो. आधी मशीन बरोबर होतं, आता खरंच चुकलं! स्क्रीनवरच्या आकारावरून स्टेप्स पर युनिटला कधीही हात लावू नका. शंका असेल तर भंगारातल्या तुकड्यावर १०० मिमीचा चौकोन मारा, व्हर्नियर लावा, दोन्ही बाजू बरोबर भरल्या तर मशीन ठीक आहे आणि प्रश्न काचेवरचा आहे. मग डिस्प्ले सेटिंगमधे मॉनिटरचं मूळ रेझोल्युशन निवडा, ज्याच्यापुढे "रेकमेंडेड" लिहिलेलं असतं. मूळ रेझोल्युशन सोडून दुसरं काहीही लावलं तर एलसीडीवर धूसरपणा येणारच, मग स्केल कितीही असो.

आता दुरुस्ती

मशीनच्या पीसीसाठी माझं मत अगदी स्पष्ट आहे. रेझोल्युशन मूळ, स्केल १०० टक्के, आणि अक्षरं बारीक वाटत असतील तर मॉनिटर बदला, स्केल वाढवू नका. २२ ते २४ इंचाचा फुल एचडी मॉनिटर हे मशीनसाठी सगळ्यात शहाणपणाचं, कारण त्याचे पिक्सेल त्या ९६ च्या अगदी जवळ आहेत आणि जुनं सॉफ्टवेअर जसं आखलं होतं तसंच दिसतं. फोर-के मॉनिटरचा मशीनवर काडीचा उपयोग नाही, डिझाइनच्या पीसीवर लावा की तो. लॅपटॉपच मशीनला जोडलेला असेल तर त्याला बाहेरून मॉनिटर लावा आणि डिस्प्ले सेटिंगमधे तोच मुख्य करा.

स्केल बदलल्यावर फक्त सॉफ्टवेअर बंद करून उघडणं पुरत नाही. बरीच मधल्या काळातली सॉफ्टवेअर्स लॉगिनच्या वेळचा आकडा धरून बसतात, त्यामुळे साइन आउट करून परत साइन इन करा आणि मगच काय झालं ते बघा. कितीतरी जण इथेच फसतात, बदल करतात, फरक दिसत नाही म्हणून दुसरं काहीतरी बदलतात, आणि शेवटी साइन इन केल्यावर दोन्ही बदल एकदम लागू होतात. आणि तो "कस्टम स्केलिंग" नावाचा रकाना आहे ना जिथे ११० किंवा ११७ असं काहीही लिहिता येतं, तिथे काही लिहिलेलं असेल तर काढून टाका. अर्धवट आकड्यांनी पिक्सेल अर्धवटच भरतात.

काही कारणाने स्केल १०० टक्के करणं शक्य नसेल, म्हणजे त्याच पीसीवर डिझाइनचं सॉफ्टवेअर आहे, मालकांना चष्मा आहे, लॅपटॉपशिवाय पर्याय नाही, तर मग एकट्या त्या सॉफ्टवेअरपुरतं वेगळं सांगता येतं. सॉफ्टवेअरच्या ईएक्सई फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, "चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज" (डीपीआय म्हणजे तेच, एका इंचातले पिक्सेल). खाली "ओव्हरराइड हाय डीपीआय स्केलिंग बिहेवियर" वर टिक केली की तीन पर्याय मिळतात.

"ॲप्लिकेशन" निवडलं तर विंडोज हात काढून घेतं, सॉफ्टवेअर जसं काढेल तसं पिक्सेलला पिक्सेल दिसतं. स्वच्छ दिसतं, बारीक दिसतं. "सिस्टीम" म्हणजे विंडोज ताणणार, मोठं पण धूसर. "सिस्टीम एन्हान्स्ड" हा मधला प्रकार, यात विंडोज अक्षरं आणि रेघा मोठ्या मापात नव्याने काढतं त्यामुळे त्या स्वच्छ येतात, पण बटणांवर चिकटवलेली चित्रं ताणलेलीच राहतात आणि थ्रीडी टूलपाथला त्याचा काही फायदा नाही. ज्या सॉफ्टवेअरमधे नुसते रकाने आणि अक्षरं आहेत, म्हणजे ड्राइव्हचे पॅरामीटर भरायचं किंवा सर्वो ट्यूनिंगचं एखादं जुनं युटिलिटी, तिथे एन्हान्स्ड फार छान चालतं. चित्रांची बटणं आणि टूलपाथ असलेल्या स्क्रीनला आधी "ॲप्लिकेशन" लावून बघा, मावत असेल तर तेच ठेवा.

इथे दोन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं, डेस्कटॉपवर जो आयकॉन आहे तो कुठल्या ईएक्सईचा आहे ते बघा. मॅक-३ चे मिल, टर्न, प्लाझ्मा असे वेगवेगळे आयकॉन असतात पण सगळे आतून एकाच ईएक्सईला वेगळी प्रोफाइल देऊन उघडतात, त्यामुळे सेटिंग सी ड्राइव्हच्या फोल्डरमधल्या त्या मूळ फाइलवरच करायचं. दुसरं, हे सेटिंग त्या त्या युजरपुरतं साठतं. तुम्ही ॲडमिनच्या लॉगिनमधे केलं आणि ऑपरेटर त्याच्या लॉगिनने बसला तर त्याला जुनंच दिसणार. त्यासाठी त्याच खिडकीत "चेंज सेटिंग्ज फॉर ऑल युजर्स" आहे, ते वापरा.

विंडोज नक्की कुणाला काय समजतंय हे बघायचं असेल तर विंडोज १० च्या नंतरच्या व्हर्जनमधे आणि ११ मधे टास्क मॅनेजर उघडा, डीटेल्समधे कॉलमच्या नावावर राइट क्लिक करून "डीपीआय अवेअरनेस" कॉलम चालू करा. तिथे "अनअवेअर" दिसलं तर विंडोज ताणतंय, "सिस्टीम" दिसलं तर लॉगिनच्या वेळचा आकडा धरलाय, "पर-मॉनिटर" दिसलं तर सॉफ्टवेअर स्वतः बघतंय. अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे बघणं अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

मॅक-३ मधे अजून एक जागा आहे. कॉन्फिग मेनूतल्या जनरल कॉन्फिगमधे "ऑटो स्क्रीन एनलार्ज" आणि "हाय-रेझ स्क्रीन्स" अशा टिका असतात. ऑटो एनलार्ज चालू केलं की १०२४ चा स्क्रीन मॉनिटरभर पसरतो, सॉफ्टवेअर बंद करून उघडावं लागतं. पण विंडोजही ताणतंय आणि हेही वाढवतंय असं झालं तर दोघं मिळून घोळ घालतात, म्हणून आधी विंडोजचं निस्तरा, मग ही टिक करा. आणि तेही जमलं नाही तर मोठ्या मॉनिटरसाठी आखलेला दुसरा स्क्रीनसेट मिळतो, तो व्ह्यू मेनूतून लोड करता येतो. फक्त नवीन स्क्रीनसेट टाकल्यावर प्रत्येक बटण तेच काम करतंय का हे स्पिंडल (टूल फिरवणारी मोटर) बंद ठेवून एकदा तपासा, कुणीतरी स्वतःच्या मशीनसाठी आखलेला स्क्रीन असतो, त्यात मॅक्रो वेगळे असू शकतात.

टच, रिमोट आणि हरवलेल्या खिडक्या

क्लिक चुकीच्या जागी लागतंय म्हणून तक्रार असेल तर पहिला प्रश्न: माउसने की बोटाने? माउसने बरोबर आणि बोटाने चुकीचं असेल तर स्केलिंगच्या मागे लागू नका. दोन मॉनिटर असतील तर टच एकाचा आणि चित्र दुसऱ्याचं असं जुळलेलं असू शकतं, कंट्रोल पॅनेलमधल्या टॅब्लेट पीसी सेटिंग्जमधे "सेटअप" दाबून कुठला काच कुठला मॉनिटर आहे ते परत सांगा. जुने दाबून चालणारे रेझिस्टिव्ह टच असतील तर रेझोल्युशन बदलल्यावर त्यांच्या ड्रायव्हरमधून कॅलिब्रेशन परत करावं लागू शकतं. माउसनेही चुकीचं लागत असेल तर सॉफ्टवेअर स्वतःच दोन मापं मिसळतंय, तिथे स्केल १०० टक्के करण्याशिवाय इलाज नाही, आणि तोपर्यंत त्या स्क्रीनवरून जॉग करू नका, म्हणजे बटणं दाबून ॲक्सिस हलवू नका, एक्स प्लसच्या जागी झेड मायनस लागलं तर काय होईल सांगायला नको.

विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने घरून मशीनच्या पीसीत शिरलात तर तुमच्या लॅपटॉपचं स्केल तिकडे लागू होतं. मग सकाळी ऑपरेटर येतो आणि विचारतो, काल बरोबर होतं, आज धूसर का? साइन आउट करून परत साइन इन केलं की जातं. तसंच डिस्प्लेपोर्टचा मॉनिटर बटणाने बंद केला की बऱ्याचदा विंडोजला वाटतं मॉनिटर काढूनच नेला, मग खिडक्यांच्या जागा आणि मापं बदलून बसतात.

आणि यातला सगळ्यात छळणारा प्रकार: मशीन मधेच थांबलंय, सॉफ्टवेअर काही ऐकत नाही, सगळे म्हणतात हँग झालं. प्रत्यक्षात टूल चेंजचा किंवा कसला तरी ओके मागणारा छोटा डबा उघडलाय, पण तो आता न जोडलेल्या दुसऱ्या मॉनिटरच्या जागेवर उघडलाय, दिसत नाही. पॉवर बंद करायच्या आधी ऑल्ट आणि स्पेसबार एकत्र दाबा, मग एम दाबा, मग एखादी बाणाची की दाबून माउस हलवा, डबा माउसला चिकटून स्क्रीनवर येतो. लिमिट लागून थांबलं असेल तर तो मेसेजही असाच बाहेर उघडू शकतो, त्यामुळे घाईत एंटर दाबू नका, डबा आत आणून वाचा आणि मग ठरवा.

विंडोज सोडून

जीआरबीएल (छोट्या मशीनच्या कंट्रोलर बोर्डवर चालणारा प्रोग्राम) वापरणाऱ्यांमधे युनिव्हर्सल जी-कोड सेंडर बरेच जण वापरतात, ते जावावर चालतं. जावा ८ ला विंडोजवरचं स्केलिंग कळत नव्हतं, २०१७ मधे आलेल्या जावा ९ पासून ते कळायला लागलं. म्हणून हाय रेझोल्युशन लॅपटॉपवर जुनी आवृत्ती मुंगीएवढी दिसत असेल तर सेटिंग शोधण्यापेक्षा नवीन आवृत्ती घ्या, तिच्यासोबत स्वतःचा जावा येतो.

लिनक्सवर मशीन चालवणाऱ्या लिनक्ससीएनसी या सॉफ्टवेअरची मुळं अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेच्या कंट्रोलर प्रोजेक्टमधे आहेत. तिथे एक सरसकट उपाय नाही कारण त्याचे वेगवेगळे स्क्रीन वेगवेगळ्या साधनांनी बनलेत. ॲक्सिस हा जुना स्क्रीन टीकेवर आहे, जीमोकॅपी जीटीकेवर, आणि क्यूटीप्लाझ्मासीसारखे क्यूटीवर. क्यूटीवाल्यांना चालू करायच्या आधी "क्यूटी स्केल फॅक्टर" नावाचं व्हेरिएबल दिलं तर सगळा स्क्रीन वाढतो, पण तेच व्हेरिएबल ॲक्सिसला दिलं तर काहीच होत नाही आणि लोक म्हणतात उपाय चालत नाही. आधी स्क्रीन कशावर बनलाय ते बघा.

लिनक्ससीएनसीत पॅरलल पोर्टवरून पल्स (मोटरला एकेक पाऊल टाकायला सांगणारे विजेचे ठोके) काढत असाल तर एक गोष्ट खास लक्षात ठेवा. पल्स पीसीच बनवतो, काही हजार ते काही दहा हजार नॅनोसेकंदांच्या उशिरावर सगळा खेळ असतो, आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर त्या उशिरात भर घालू शकतो. म्हणून ग्राफिक्स कार्ड, ड्रायव्हर किंवा मॉनिटरचं रेझोल्युशन बदललं की हा उशीर मोजणारी लेटन्सी टेस्ट परत चालवा, टेस्ट चालू असताना खिडक्या हलवा, व्हिडिओ लावा, आणि सगळ्यात मोठा आकडा बघा. तो वाढला असेल तर दिसायला सुंदर झालेल्या स्क्रीनमागे स्टेप चुकायला लागलेल्या असतात. मॅक-३ पॅरलल पोर्टवर चालत असेल तरी तीच काळजी, २५ किलोहर्ट्झला त्याचा ठोका ४० मायक्रोसेकंदाचा असतो. ज्यांच्याकडे पल्स बनवणारं वेगळं यूएसबी किंवा इथरनेट कंट्रोलर कार्ड आहे त्यांच्या पल्सचं काम त्या कार्डातच होतं, त्यामुळे त्यांना ही चिंता बरीच कमी.

जे स्वतः स्क्रीन बनवतात त्यांच्यासाठी

भोसरी, चाकण, शिरोली, सातपूर, जिथे जिथे स्पेशल पर्पज मशीन बनतात तिथे मशीनसोबत स्वतःचं छोटं सॉफ्टवेअर द्यायची पद्धत आहे, आणि त्यातलं बरंच व्हीबी-६ किंवा विंडोज फॉर्म्सवर आहे. व्हीबी-६ मधे माप ट्विपमधे असतं, एका इंचात १४४० ट्विप. ९६ ला भागलं की एका पिक्सेलला १५ ट्विप, आणि कित्येकांनी कोडमधे हे १५ तसंच लिहून ठेवलेलं असतं. स्केल १२५ टक्के असलं आणि सॉफ्टवेअरला खरा आकडा दिसला की तेच १२ होतं आणि सगळी मांडणी सरकते. १५ लिहू नका, स्क्रीनकडून ट्विप्स पर पिक्सेल विचारून घ्या. विंडोज फॉर्म्समधे तर डेव्हलपरचा लॅपटॉप १२५ टक्क्यांवर, मशीनवरचा पॅनेल पीसी १०० वर, आणि फॉर्म डिझाइनरमधे उघडून सेव्ह केला की मापंच बदलून जातात. फॉर्म डिझाइन करायचा पीसी १०० टक्क्यांवर ठेवा आणि टीममधल्या सगळ्यांनी ठेवा, एकानेही वेगळा ठेवला तरी त्याने सेव्ह केलेला फॉर्म सगळ्यांकडे जातो. आणि मॅनिफेस्टमधे "मला स्केलिंग कळतं" हे तेव्हाच लिहा जेव्हा १०० आणि १५० दोन्हीवर प्रत्येक स्क्रीन उघडून बघितलेला असेल, नाहीतर गिऱ्हाइकाकडे अर्धवट कापलेले आकडे जातील.

सगळं मनासारखं दिसायला लागलं की लगेच जॉब लावू नका. स्पिंडल बंद ठेवा, सॉफ्टवेअरचा प्रत्येक टॅब उघडा, सगळ्यात लांब आकडा डीआरओत येईल असा ॲक्सिस हलवा, म्हणजे उणे चिन्ह, तीन आकडे, दशांश चिन्ह आणि पुढचे तीन किंवा चार आकडे, आणि तो पूर्ण दिसतोय का बघा. एक टूल चेंज मुद्दाम येऊ द्या, एक लिमिट स्विच हाताने दाबा, दोन्ही मेसेज समोरच उघडतायत का बघा. मग पीसी पूर्ण बंद करून चालू करा, ऑपरेटरच्या लॉगिनने शिरा, आणि हेच परत करा. रेझोल्युशन, स्केल आणि कंपॅटिबिलिटीची खिडकी या तिन्हीचे फोटो काढून ठेवा, कारण विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला की स्केल परत त्याच्या मनाने बसू शकतं, तेव्हा काय होतं ते आठवत बसायला लागणार नाही.